शिकवलेला खांदा

आमच्या वहिनीचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर असतो. फोटोत तर फारच दिसतं. फोटो काढणारा दर वेळी म्हणतो, "बाई, जरा सरळ बसा," आणि वहिनी दर वेळी म्हणते, "मी सरळच बसलेय, तुमचा कॅमेरा वाकडा आहे." पुढे कुणी वाद घालत नाही. वहिनीशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि आमच्या घरात सगळ्यांना आपापलं डोकं प्रिय आहे.

हा खांदा आमच्या आईच्या आजारपणातला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादा ट्रक घेऊन सतत बाहेरगावी असायचा आणि मी नुकता कामाला लागलो होतो. आईला उठवणं, बसवणं, कूस बदलणं सगळं वहिनीनं केलं, डावा हात पाठीखाली घालून. आई अंगानं भरलेली होती. एकदा तिला वर सरकवताना वहिनीच्या खांद्यात कटकन काहीतरी झालं. "लचकलं असेल," ती म्हणाली, तेल चोळलं आणि डबा घेऊन कामावर गेली. पुढे आई गेली, लचक मात्र राहिली. डावा हात कोपरापासून खाली ठणठणीत, पण खांद्यातून लांब म्हणून जात नाही. लांबवायला गेली की खांदा कानाकडे चढतो आणि हात अर्ध्या वाटेवर थांबतो. तिनं ह्याची कधी तक्रार केली नाही. तक्रारी ती फक्त दुसऱ्यांच्या करते.

मी आणि वहिनी एकाच कारखान्यात आहोत. तिथे शर्ट शिवतात. मी मशीनं दुरुस्त करतो, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. वहिनी कॉलर शिवायची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, त्यामुळे आमच्यात फार मानपान नाही. एरवी ती मला "अरे" म्हणते. फक्त तिला राग आला की मी "भाऊजी" होतो, आणि "तुम्ही" सुद्धा.

शर्टात कॉलर ही फार अवघड वस्तू. दोन टोकं एकसारखी यायला हवीत, नाहीतर शर्ट घालणारा माणूस आयुष्यभर एका बाजूला कललेला दिसतो. आमच्याकडे पूर्वी नवी मुलगी आली की तिला एखाद्या जुन्या बाईशेजारी बसवायचे आणि सांगायचे, "बघ आणि शिक." जुन्या बाईला तिच्या नगांवर मजुरी. ती कशाला हात थांबवून शिकवतेय? मग नवी मुलगी अर्धवट बघायची आणि बाकीचं मनानं रचायची. कुणाच्या बोटात सुई जायची, कुणाची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी लोंबायची. चुकलेला माल उसवायला दोन बायका वेगळ्या बसवलेल्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर कायम डोंगर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार.

शेवटी मालक वैतागले. कापडाच्या गोदामाशेजारची खोली त्यांनी रिकामी केली, मोडीत निघालेली मशीनं मी हातपाय जोडून उभी केली, आणि मालकांनी वहिनीला सांगितलं, आजपासून नव्या मुलींना तुम्ही शिकवायचं. वहिनीलाच का, तर तिची कुठलीही कॉलर मधोमध दुमडा, टोकावर टोक बसतं.

त्या खोलीत वहिनीचं नाव बदललं. घरात ती सून, बायको आणि वहिनी होती. इथे मुली तिला "बाई" म्हणू लागल्या, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. पहिल्यांदा ती हाक ऐकली त्या दिवशी ती घरी आली ती एवढी मिजाशीत की दादा मला हळूच म्हणाला, "काय रे, बढती मिळालीय का हिला?"

शिकवायची मात्र छान. पहिले काही दिवस मशीनला दोराच नाही. जुन्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारून द्यायची आणि नुसत्या सुईनं त्या रेघेवर भोकं पाडत जायचं. रेघ सोडली की नवा कागद. हात स्थिरावला की मग दोरा, मग चिंध्या, मग खरी कॉलर. टोकाशी आलं की काय करायचं हे ती पाढे म्हणवून घ्यावेत तसं म्हणवून घ्यायची. "सुई खाली, मग दाबपट्टी वर, मग कापड वळवा!" आणि सगळ्यांत मोठा नियम: "मी करते तसं करायचं. अगदी तसं. स्वतःची अक्कल घरी डब्यात ठेवून या, दुपारी खा."

त्या मुलींमध्ये एक होती तिला आम्ही टकळी म्हणायचो. तोंडाचा पट्टा सतत चालू. सुई चालेना का, दोरा तुटेना का, ही बोलतेय. वहिनीनं तिला जेवढं रागावलं तेवढं कुणालाच नाही, आणि जेवढं शिकवलं तेवढंही कुणाला नाही.

खोली सुरू झाली आणि उसवण्याचा डोंगर खरोखर उतरू लागला. बोटात सुई गेल्याच्या किंकाळ्या थांबल्या. उसवणाऱ्या दोघींना शेवटी बटणं लावायला बसवलं, कारण त्यांना कामच उरलं नव्हतं. शिकून बाहेर पडलेल्या मुली कारखान्यात एकाच रांगेत बसायच्या आणि लोक त्या रांगेला "शाळेची ओळ" म्हणायचे. वहिनी दिवसातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढून त्या ओळीसमोरून जायची आणि जाताना मान ताठ ठेवायची.

मग नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. हळू बोलायचे, ओरडायचे नाहीत, आणि कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय मानायचे नाहीत. त्यांनी वहिनीला बोलावलं. त्यांच्या केबिनमधला पंखा मी तेव्हाच उघडून बसलो होतो, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर पडलं.

"बाई, तुमच्या मुलींचं काम सुरेख आहे," मॅनेजर म्हणाले. "पण त्या हळू आहेत. बाहेरून घेतलेल्या, आधीच काम येणाऱ्या मुली त्यांच्यापेक्षा जास्त कॉलर काढतात. त्यातला खराब माल वजा केला तरी जास्तच."

"हळू नाहीत, नीट करतात," वहिनी म्हणाली.

"मी पाहिलंय, बाई. शिकवण्यात वेळ जातो, मशीनं अडकतात, आणि शेवटी हाती काय येतं? हळू मुली. पुढे मोठी ऑर्डर आहे. महिनाअखेर खोली बंद करू. तुम्ही परत कॉलरवर बसा, तुमची मजुरी कमी होणार नाही."

वहिनी वाद न घालता केबिनबाहेर पडली. हे इतकं भलतंच होतं की माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

घरी दादा म्हणाला, "बरं झालं, डोक्याचा ताप गेला." त्यानंतर जेवण होईपर्यंत दादाला, तो घरात नाहीच, अशा पद्धतीनं वाढलं गेलं. मग वहिनी माझ्यासमोर येऊन बसली.

"मला कॉलरवर बसायची लाज नाही रे," ती म्हणाली. "पण उद्या एखादी पोर येईल, मोटरच्या आवाजानंच थरथरणारी, ती कुणाच्या तोंडाकडे बघेल? तिला परत म्हणतील, बघ आणि शिक. आणि खरं सांगू? मला बाई म्हणून घ्यायची सवय झालीय. ती नाही सुटायची आता."

एवढं बोलून ती रडेल असं मला वाटलं. पण ती रडली नाही, चिडली. "हळू आहेत म्हणे! का हळू आहेत? मी हळू शिकवलं का?"

दुसऱ्या दिवशी तेच डोक्यात घेऊन ती कामावर आली. गोदामाचा एक माळा आहे, तिथून सगळा कारखाना खाली दिसतो. मी तिथे वायरींचं काम करत होतो. बघतो तर वहिनी लोखंडी जिना चढून वर. कठड्याला धरून ती शाळेच्या ओळीकडे बघत उभी राहिली.

मग म्हणाली, "भाऊजी, इकडे या." मी मनात म्हटलं, काय चुकलं आता माझं?

"ह्या सगळ्यांच्या खांद्याला काय झालंय?"

मी वाकून पाहिलं. वरून पाठीच दिसत होत्या. आणि ओळीतल्या एकूण एक मुलीचा डावा खांदा वर होता. कॉलर संपली की एकजात सगळ्यांचं डावं कोपर बरगडीला चिकटायचं, पाय पेडलवरून उचलला जायचा, कंबर वळायची, आणि उजवा हात छातीवरून पलीकडे जाऊन डावीकडच्या गठ्ठ्यातला पुढचा तुकडा उचलायचा. तो परत समोर आणायचा, डाव्या हातात द्यायचा, मग पाय पेडलवर, मग शिवण सुरू. शेजारच्या ओळीतल्या, बाहेरून आलेल्या मुली डावा हात सरळ लांबवून तुकडा ओढत होत्या, न थांबता.

मला आधी हसू आलं. एकीसारखी दुसरी, जणू वहिनीला कुणी साच्यातून काढून रांगेत बसवलं होतं. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि हसू जागीच विरलं. तिचा उजवा हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर होता.

"माझं दुखणं आहे हे," ती म्हणाली. "ह्या पोरींना मी माझं दुखणं शिकवलं."

मला फार वाईट वाटलं. आईला उचलून जे आलं ते ह्या धडधाकट मुली अंगावर वागवत होत्या, आणि त्यांनी आमच्या आईला कधी पाहिलंही नव्हतं. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, हे खरं. पण ह्या आडानं आपलं पाणी कधी स्वतः वाकून पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं टकळीला धरलं. "का ग, तुकडा उजव्या हातानं का घेतेस?"

"तुम्हीच शिकवलं, बाई."

"मी कधी सांगितलं उजव्या हातानं घे म्हणून?"

"सांगितलं नाही, पण तुम्ही तसं करता ना! मी पहिल्यांदा डाव्या हातानं घेत होते, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. म्हणालात, मी करते तसं कर, शहाणी आलीस मोठी. मग माझा खांदा खाली होता तर म्हणालात, अशी मरगळून काय बसतेस? मग मी वर घेतला. आधी दुखायचा, आता सवय झाली. त्या पलीकडच्या मुलीचा अजून दुखतो, ती रात्री शेक घेते. आम्हाला वाटलं, कॉलरचं काम म्हणजे खांदा दुखणारच."

टकळी एरवी बोलायला लागली की वहिनी तिला गप्प करते. त्या दिवशी तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चल माझ्याबरोबर केबिनमध्ये," ती मला म्हणाली. "मी भडकले तर माझा हात धर. उजवा धर."

मॅनेजर कॉलरचे नमुने पाहत होते. वहिनीनं खुर्ची घेतली नाही. सगळं उभ्या उभ्या सांगितलं: खांदा, गठ्ठा, उजव्या हाताचा वळसा, टकळीच्या हातावरचा फटका. काही लपवलं नाही. दुसरा कुणी असता तर मशीनवर ढकललं असतं, म्हणजे माझ्यावर.

मॅनेजरनी ऐकून घेतलं. "म्हणजे चूक तुमची आहे."

"माझी. शंभर टक्के माझी. पण साहेब, तुम्ही म्हणता शिकवण्याचा उपयोग होत नाही. मी न सांगितलेलं सुद्धा त्या पोरींनी उचललं. माझा वाकडा खांदा उचलला! एवढं पक्कं बसतं शिकवलेलं. चुकीचं बसतं तर बरोबर नाही बसणार? खोली बंद करू नका. शिकवणं सुधारा. मी शिकवायला नको असेन तर मला काढा, पण खोली ठेवा."

हे शेवटचं वाक्य तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तिलाही ते तोंडून बाहेर पडल्यावरच कळलं. ज्या हाकेची सवय सुटणार नाही म्हणाली होती, ती हाकच तिनं टेबलावर ठेवली होती. मॅनेजर थोडा वेळ हातातल्या कॉलरची टोकं जुळवत बसले.

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहेच," ते म्हणाले. "ती ओळ सुधारून दाखवा. मग बोलू."

शिकवणं एक वेळ सोपं, विसरायला लावणं म्हणजे नाकी नऊ. खोलीत परत आणून बसवलेल्या मुलींना डोक्यानं सगळं पटलं होतं, पण कॉलर संपली की उजवा हात आपला निघालाच पलीकडे. शिवाय वहिनीची पंचाईत अशी की ती करून दाखवू शकत नव्हती. आयुष्यभर "मी करते तसं करा" म्हणणारी बाई आता म्हणायची, "मी करते तसं अजिबात करू नका." करून दाखवायला तिनं टकळीला पुढे बसवलं. स्वतः मागे उभी राहायची, एकेकीच्या खांद्यावर तळहात ठेवायची आणि खांदा चढला की हलकेच दाबायची.

तरी उजवा हात ऐकेना. मग तिनं एक युक्ती काढली. शर्टाच्या कारखान्यात बटणांना काय तोटा? प्रत्येकीच्या उजव्या हाताच्या पाठीवर एक बटण ठेवलं. शिवताना हात सावकाश सरकतो, तेव्हा बटण राहतं. हात पलीकडे धावला की बटण पडतं. बटण पडलं की ती कॉलर मोजायची नाही. पहिल्या दिवशी खोलीत नुसता बटणांचा सडा. मी तेल द्यायला जायचो तर पायाखाली बटणं, आणि मुली हसून बेजार. वहिनी सुद्धा हसायची, आणि हसताना रागवायची. पूर्वी ती कशी रागवायची, "अशी काय करतेस?" आता विचारायची, "असं का करतेस ग?" आणि उत्तराची वाट बघायची. एका मुलीनं सांगितलं, तिचा पायच पेडलला नीट पोचत नाही. मी खुर्ची खाली केली. इतके दिवस ती मुलगी टोकावर बसून शिवत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं.

हळूहळू बटणं पडायची थांबली. मग बटणांशिवाय. मुली परत ओळीत जाऊन बसल्या. मॅनेजर दोन दिवस त्या ओळीच्या मागे उभे राहिले, मोजत. कॉलरची टोकं पूर्वीसारखीच आणि हात मात्र थांबत नव्हते. बाहेरून घेतलेल्या मुली मागे पडल्या. रात्री शेक घेणारी मुलगी म्हणाली की आता नुसती झोप लागते.

मोजणी संपल्यावर सगळ्या मुली वहिनीभोवती शिकवण्याच्या खोलीत जमल्या होत्या, तेव्हा मॅनेजर दारात आले. "खोली राहू दे," ते म्हणाले. "आणि बाहेरून घेतलेल्यांनाही इकडे पाठवतो. त्यांच्या कॉलरच्या टोकांचं काहीतरी करा." मग वळताना म्हणाले, "शिकवायला तुम्हीच, बाई." आणि गेले.

खोलीत असा गलका झाला की काय सांगावं. गलका ओसरला तशी टकळी उठली आणि मशीनसमोरची खुर्ची पुसत म्हणाली, "बाई, बसा."

"मी कशाला?"

"आमच्या सगळ्यांची परीक्षा झाली. तुमची राहिलीय."

मुली टाळ्या वाजवायला लागल्या. वहिनी "चला ग, कामं नाहीत का" म्हणत बसली. टकळीनं तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर बटण ठेवलं. वहिनीनं एक कॉलर शिवली आणि डावा हात गठ्ठ्याकडे नेला. खांदा चढला, हात अर्ध्यावर थांबला. तिनं जोर केला. कपाळाला घाम आला. शेवटी उजवा हात आपोआप गेला आणि बटण पडलं.

कुणी हसलं नाही.

"नाही जायचा ग तो," वहिनी म्हणाली. "तुमचे हात चांगले आहेत. माझा गेलेला आहे. उठू दे मला."

"थांबा हो," टकळी म्हणाली. "हात जात नाही ना? मग गठ्ठा येईल की."

कोपऱ्यात एक बुटकं स्टूल होतं. मी तेल द्यायला आलो की त्यावर बसून चहा प्यायचो. टकळीनं ते उचललं, वहिनीच्या उजव्या गुडघ्याला लागून ठेवलं आणि डावीकडचा सगळा गठ्ठा उचलून त्याच्यावर रचला. "आता घ्या. उजव्यानंच घ्या. लांब कुठे जायचंच नाही. डावा हात शिवलेली कॉलर नुसती पुढे सारेल."

वहिनीनं एक शिवली. दुसरी शिवली. मग तिसरी, चौथी, आणि बघता बघता तिचा डावा खांदा खाली आला. कुणी दाबला नव्हता. मशीन थांबलं. तिनं खांद्याला हात लावून पाहिला.

"दुखलं नाही," ती म्हणाली. मग परत, "दुखलंच नाही ग."

तिचे डोळे भरून आले. "एवढंच होतं? एक स्टूल? एवढ्या वर्षांचं..." तिनं स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला. "मला कुणी शिकवलंच नाही. बघ आणि शिक म्हणाले. मी बघितलं आणि शिकले."

मी खाली वाकून उगीच मशीनचा पट्टा तपासायला लागलो. मुली चिडीचूप. टकळी सुद्धा गप्प, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वहिनीनं बाहीनं डोळे पुसले आणि टकळीकडे वळून पाहिलं. "गप्प का उभी राहिलीस? चुकतंय का माझं अजून? सांग ना."

"पाय, बाई," टकळी घाबरत म्हणाली. "तुकडा घेताना पाय उचलता तुम्ही. नका उचलू."

"असा?" वहिनीनं विचारलं, आणि पाय पेडलवर ठेवला.